योजना आहेत, दार कोठे आहे?

शासनाने योजना आखली, तिच्यासाठी तरतूद केली आणि तिचा आदेश काढला की ती शेतकऱ्यापर्यंत पोहोचली, असा एक सोयीस्कर समज राज्यकर्त्यांच्या मनात सर्वत्र रुजलेला दिसतो. राजधानीपासून बांधापर्यंतचे अंतर किती असते, हे मात्र बांधावर उभा असलेला माणूसच जाणतो. हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे, असेही मानण्याचे कारण नाही. ज्या अमेरिकेत २०२२ च्या कृषिगणनेनुसार सुमारे १९ लाख शेते आहेत आणि सरासरी शेत ४६३ एकरांचे आहे, त्या धनाढ्य देशातही एखाद्या ग्रामीण काउंटीत नव्याने शेती करू लागलेला माणूस हाच प्रश्न विचारत हिंडत असतो. जमिनीची धूप थांबवायची आहे, कुरणाला कुंपण घालायचे आहे, ओढ्याचे पाणी गढूळ होऊ द्यायचे नाही. यासाठी मदत आहे असे ऐकले आहे, पण ती कोण देतो आणि त्याचे दार कोणत्या रस्त्यावर आहे?

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा जो प्रयत्न गेल्या नव्वद वर्षांत केला, तो मुळातून पाहण्यासारखा आहे. त्यात शहाणपण आहे, घोर अन्यायही आहे, आणि आज त्या व्यवस्थेलाच ओहोटी लागण्याची चिन्हे आहेत. या तिन्ही गोष्टींपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

ही व्यवस्था एका आपत्तीतून जन्माला आली. पहिल्या महायुद्धात गव्हाला आलेल्या भावामुळे मध्य अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवर नांगर फिरला. शतकानुशतके मातीला धरून ठेवणारे गवत उपटले गेले आणि १९३० नंतर अवर्षणाची वर्षे लागली तेव्हा ती उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ या रविवारी उठलेले धुळीचे वादळ 'काळा रविवार' म्हणूनच इतिहासात नोंदले गेले. ह्यू हॅमंड बेनेट नावाचा एक मृदाशास्त्रज्ञ, जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे, असे १९२८ पासून कानीकपाळी ओरडून सांगत होता. सिनेटच्या समितीपुढे त्याची साक्ष चालू असताना पश्चिमेकडची धूळ थेट वॉशिंग्टनच्या आकाशात येऊन पोहोचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा झाला आणि कृषी खात्यात मृदसंधारण सेवा स्थापन झाली, ही वस्तुस्थिती आहे.

परंतु खरे शहाणपण या कायद्यात नव्हते. ते दोन वर्षांनंतर दिसले. राजधानीत बसलेल्या तंत्रज्ञाने शेतकऱ्याच्या खासगी जमिनीवर बांध कसे घालावेत, हे हुकूम सोडून होणारे काम नाही, हे तेथील धुरीणांच्या ध्यानात आले. फेब्रुवारी १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना एक नमुना कायदा पाठविला. त्यानुसार स्थानिक जमीनधारकांनी स्वतःचे मृदसंधारण मंडळ स्थापन करावयाचे, कोणत्या ओढ्याचे खोरे आधी हाती घ्यायचे हे त्या मंडळाने ठरवावयाचे आणि केंद्राने तंत्रज्ञ व पैसा पुरवावयाचा, अशी वाटणी झाली. पहिले मंडळ ४ ऑगस्ट १९३७ रोजी उत्तर कॅरोलिनातील अँसन काउंटीत, ब्राऊन क्रीक या ओढ्याच्या नावाने स्थापन झाले. बेनेटचा जन्म याच काउंटीतला. जेथे त्याने लहानपणी धुपून गेलेली शेते पाहिली, तेथूनच कामाला आरंभ झाला. आज अमेरिकेत अशी सुमारे तीन हजार मंडळे आहेत.

या व्यवस्थेचे बाह्य रूप अगदी साधे आहे. काउंटीच्या ठिकाणी, अनेकदा गावाबाहेरच्या रस्त्याला लागून, एक बैठी इमारत असते. तीत शेतकऱ्यांची नोंद, कर्जे व भरपाई पाहणारे कार्यालय असते, माती-पाण्याचे तांत्रिक काम पाहणारे दुसरे कार्यालय असते आणि पुष्कळ ठिकाणी स्थानिक मंडळाचे टेबलही त्याच छताखाली असते. देशभरात अशी दोन हजारांहून अधिक सेवाकेंद्रे आहेत. नवख्या शेतकऱ्याने प्रथम तेथे जाऊन आपल्या जमिनीला शेत क्रमांक घ्यावयाचा. तो नसेल, तर पुढचे एकही दार उघडत नाही. त्यानंतर उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र आणि धुपीस प्रवण किंवा पाणथळ जमिनीसंबंधीचे नियम पाळण्याचे हमीपत्र भरून द्यावयाचे. कागद तेथेही आहेत आणि ते थोडे नाहीत.

मात्र यानंतर जे घडते, ते आपल्याकडच्या वाचकाला नवलाचे वाटेल. तांत्रिक कार्यालयातील संधारण नियोजक शेतकऱ्याबरोबर त्याच्या शेतात फिरतो. उतार कोठे आहे, पाणी कोठून शिरते, कोणत्या तुकड्यात माती पातळ झाली आहे, गुरे ओढ्यात कोठून उतरतात, हे तो पाहतो आणि त्या शेताचा आराखडा तयार करून देतो. यासाठी एक डॉलरही घेतला जात नाही. शेतकऱ्याने कोणतेही अनुदान मागितले नाही, तरी हा आराखडा त्याचाच. अनुदानाची गोष्ट नंतर निघते. जमिनीचा धुपणारा तुकडा दहा ते पंधरा वर्षे पिकाखालून काढून तेथे गवत वा झाडे लावावयाची असतील, तर १९८५ च्या कायद्याने सुरू झालेल्या योजनेतून वार्षिक भाडे मिळते. लागवडीखालच्या शेतातच कुंपण, पाणवठा, गवताचे पट्टे किंवा आच्छादन पिके घ्यावयाची असतील, तर १९९६ पासून चालू असलेली खर्चात वाटा उचलणारी योजना आहे. आधीच चांगली शेती करणाऱ्याला ती अधिक चांगली करण्यासाठी पाच वर्षांचा करार देणारी आणखी एक योजना आहे. थोडक्यात, प्रथम जमीन, मग तिची गरज आणि त्यानंतर योजना, असा हा क्रम आहे. शेतकऱ्याला योजनेच्या साच्यात कोंबण्याऐवजी योजनेने शेताकडे जावे, ही त्यामागील दृष्टी आहे.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. खर्चात वाटा उचलणाऱ्या योजनेत शासन साधारणतः खर्चाच्या तीन चतुर्थांशांपर्यंत भार उचलते. नवशिक्या व अल्प साधनांच्या शेतकऱ्यांना नव्वद टक्क्यांपर्यंत सवलत आहे. परंतु पैसा बहुधा काम पूर्ण झाल्यावर हाती पडतो. करारावर सही होण्याआधी कामाला हात लावला, तर ते काम मदतीस अपात्र ठरते. उत्साहाच्या भरात आधी कुंपण घालून मग कार्यालयात गेलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागते. शिवाय अर्जांना गुण देऊन क्रम लावला जातो आणि पैसा संपला की उरलेले अर्ज पुढच्या वर्षावर जातात. २०१० ते २०२० या काळात या योजनेसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी जेमतेम ३१ टक्क्यांना करार मिळाला. उरलेल्यांना योजना ठाऊक होती, दारही सापडले होते, पण आत प्रवेश नव्हता.

याहून गंभीर दोष व्यवस्थेच्या मर्मातच होता. शेतीविषयक मदत कोणाला द्यावी, यात काउंटीतील शेतकऱ्यांनी निवडलेल्या समितीचा शब्द मोठा असे. स्थानिक लोकांनी निर्णय घ्यावा, हे तत्त्व उत्तम. पण गावात ज्यांचा वरचष्मा, त्यांचीच समिती झाली, तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण भागाने घालून दिले. १९२० साली त्या देशात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संख्या सव्वानऊ लाखांच्या आसपास होती. १९९७ साली ती १९ हजारांहूनही कमी उरली. शहरांकडे झालेले स्थलांतर, यंत्रे, भाव ही कारणे होतीच. पण हंगाम उलटून गेल्यावर मंजूर होणारे कर्ज, उत्तर न देता पडून राहिलेले अर्ज आणि कार्यालयात मिळणारी वागणूक, हेही एक मोठे कारण होते. अखेर प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये शासनाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. २०१० मध्ये त्यात आणखी सव्वा अब्ज डॉलरची भर पडली. भरपाईने पैसा मिळाला, गेलेली जमीन परत आली नाही. त्यातच अनेक कुटुंबांची जमीन आजोबा-पणजोबांच्या नावावर, वाटणी न होता राहिलेली. मालकीचा स्वच्छ कागद नाही म्हणून शेत क्रमांक नाही, आणि शेत क्रमांक नाही म्हणून मदत नाही. अशा वारसांना पर्यायी पुराव्यावर क्रमांक देण्याची तरतूद व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. सातबाऱ्यावर आठ-दहा नावे असलेल्या आपल्याकडच्या कुटुंबाला ही कहाणी परकी वाटणार नाही.

आता या व्यवस्थेपुढे निराळेच संकट उभे आहे. २०२२ च्या एका कायद्याने संधारणाच्या योजनांसाठी सुमारे साडेएकोणीस अब्ज डॉलरची भर घातली होती. जानेवारी २०२५ मध्ये सत्तांतर होताच त्यातील देणी रोखून धरण्यात आली. ज्यांनी करारावर सह्या करून, स्वतःचा वा कर्जाऊ पैसा घालून काम केले होते, असे शेतकरीही त्यात अडकले. शासनाचा शब्द प्रमाण मानून कुंपणाच्या तारा विकत घेणाऱ्या माणसाची ही फसगत होती. पुढे देणी टप्प्याटप्प्याने सुटू लागली आणि जुलै २०२५ च्या कायद्याने उरलेला निधी शेतीविषयक नेहमीच्या तरतुदीत विलीन केला गेला. पैशाचा प्रश्न त्या प्रमाणात सुटला म्हणावयाचा. माणसांचा सुटला नाही. त्याच वर्षी पंधरा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी राजीनाम्याची सवलत स्वीकारून कृषी खाते सोडले. संधारण नियोजक काही पुस्तके वाचून तयार होत नाही. एका काउंटीतील माती, तेथील ओढे आणि तेथील माणसांचे स्वभाव कळायला त्याला कित्येक पावसाळे घालवावे लागतात. तो निघून गेला की बैठी इमारत तशीच उभी असते, फलक तसाच असतो, योजनांची यादीही तीच असते. शेतात फिरायला येणारा कोणी नसतो.

महाराष्ट्राचा या कथेशी असलेला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. १९१४ च्या कायद्याने अमेरिकेत काउंटीगणिक शेतीचा सल्लागार नेमण्याची जी पद्धत दृढ झाली, तिची छाया स्वतंत्र भारतावर पडली. अल्बर्ट मायर या अमेरिकी नियोजकाच्या मार्गदर्शनाखाली १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील इटावा येथे ग्रामविकासाचा प्रयोग झाला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशभर ५५ प्रकल्पांनिशी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यामागे अमेरिकी साहाय्य होते. विकासगट, गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक ही आज जणू अनादिकाळापासून असल्यासारखी वाटणारी पदे त्याच कार्यक्रमाने रूढ केली. सल्लागार आला, कार्यालय आले. पण जमीनधारकांनी स्वतः स्थापन केलेले मंडळ आणि प्रत्येक शेताचा स्वतंत्र आराखडा, या दोन गोष्टी मात्र समुद्र ओलांडून आल्या नाहीत. देहाची नक्कल झाली, प्राण तिकडेच राहिला!

वास्तविक या प्रांताला मृदसंधारण नवे नव्हते. मुंबई इलाख्याचा जमीन सुधारणा योजना कायदा १९४२ चा आहे. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन त्याही आधीपासून चालू होते. १९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी दिली आणि तिच्यातून हजारो बांध, नालाबांध, पाझर तलाव उभे राहिले. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान आले. त्यात गाव घटक धरून आराखडा करण्याचा विचार होता आणि अनेक गावांनी श्रमदान व लोकवर्गणीने त्यात प्राण ओतला, हे नाकारता येणार नाही. परंतु सुमारे ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलाच्या पातळीत अपेक्षित वाढ झाली नाही, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये ठेवला, तोही दृष्टीआड करून चालणार नाही. खोलीकरण झाले ते यंत्र कोठे पोहोचते हे पाहून झाले, की पाणी कोठे मुरते हे पाहून, हा प्रश्न गावोगावी विचारला गेला पाहिजे होता.

आजची स्थिती काय आहे? ज्या राज्यात सरासरी वहितीक्षेत्र २०१५-१६ च्या गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे, तेथील शेतकऱ्याला शेततळे, ठिबक, फळबाग, बांधबंदिस्ती यांसाठी महाडीबीटी प्रणालीवर अर्ज करावा लागतो. ठिबक संचाला लहान शेतकऱ्यास पूरक अनुदान धरून ८० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू शकते, हे काही थोडे नव्हे. एकाच अर्जात अनेक योजना मागता येतात, सोडतीऐवजी प्रथम येणाऱ्यास प्राधान्य देण्याचा निर्णय झाला आहे आणि पैसा थेट बँकेच्या खात्यात जमा होतो. मधल्या दलालांची साखळी यामुळे पुष्कळ प्रमाणात तुटली, याचे श्रेय दिलेच पाहिजे. एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला. अमेरिकेतील शेत क्रमांकाचा हा आपला अवतार.

तरीही कोरडवाहू तालुक्यातल्या शेतकऱ्याचा अनुभव फारसा पालटलेला नाही. 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणजे ज्याच्याकडे चांगला भ्रमणध्वनी आहे किंवा सेवाकेंद्रचालकाशी ज्याची ओळख आहे, त्याला प्राधान्य. पूर्वसंमती येण्याआधी संच विकत घेतला, तर अनुदान बुडते, हे त्याला अनुदान बुडाल्यावर कळते. शेततळे कृषी खात्याकडे, सिमेंट बंधारा मृद व जलसंधारण विभागाकडे, मजुरीची कामे पंचायत समितीकडे, आणि उताऱ्यावरील नोंद दुरुस्त करायची तर महसूल खात्याकडे. माती एकच आहे, ओढाही एकच आहे. खाती मात्र चार. १९९८ मध्ये कृषी, फलोत्पादन व मृदसंधारण यांना एका खिडकीखाली आणण्याचा प्रयत्न झाला होता. खिडकी एक झाली, पण तिच्यापाशी बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला किती गावे आली, याचा हिशेब कोणी ठेवला?

आणि तो माणूस हाच या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. तीन-चार, काही ठिकाणी त्याहून अधिक गावे सांभाळणारा कृषी सहायक पंचनामे करतो, पीकविम्याच्या तक्रारी पाहतो, नोंदी चढवतो, बैठकांना हजर राहतो. त्याला बहुतेक गावांत बसायला खुर्ची नाही. मे २०२५ मध्ये या कर्मचाऱ्यांना लॅपटॉप आणि मदतनीस मिळावा यांसारख्या मागण्यांसाठी आंदोलन करावे लागले. पदनाम बदलण्याचीही मागणी होती, आणि ती तातडीने मान्य होऊन त्याचा 'सहायक कृषी अधिकारी' झाला. त्याआधी तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झालाच होता. गावात आता तीन अधिकारी आहेत. शेतकऱ्याबरोबर शेताला फेरी मारायला वेळ असलेला त्यांतला एकही नाही, हा दोष त्यांचा नव्हे.

नानाजी देशमुख यांनी चित्रकूटच्या परिसरात स्वावलंबनाचे जे काम उभे केले, त्याच्या केंद्रस्थानी 'समाजशिल्पी दंपती' होते, याचे स्मरण येथे अस्थानी ठरू नये. सुशिक्षित पती-पत्नींनी गावातच राहावयाचे आणि आसपासच्या चार-पाच गावांशी एकरूप व्हावयाचे, अशी ती रचना होती. शासनाच्या योजना कोणत्या, त्यांतील या शेताला कोणती लागू पडते आणि कोणती पडत नाही, हे सांगणारे घर गावातच असले पाहिजे, ही त्यामागील जाण होती. नानाजी हे हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे. महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून पाच हजारांहून अधिक गावांत राबविलेल्या कृषी संजीवनी प्रकल्पाला त्यांचेच नाव देण्यात आले. गावाचा सूक्ष्म नियोजन आराखडा करून मग लाभ द्यावयाचा, हा त्या प्रकल्पाचा क्रम योग्य होता. आता त्याचा दुसरा टप्पा नवी गावे घेऊन येत आहे. त्यात नावाबरोबर रीतही घेतली जावी, ही अपेक्षा गैरवाजवी नाही.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. अनुदान आणि सल्ला यांची फारकत करावी लागेल. ज्याने अर्ज केला नाही, त्याच्याही शेताचा माती-पाण्याचा आराखडा एकदा तयार झाला, तर पुढे कोणतीही योजना आली तरी ती त्या आराखड्यावर बसवता येईल. हे काम केवळ खात्याच्या बळावर होणारे नाही. कृषी विज्ञान केंद्रे आहेत, कृषी पदविका घेऊन गावात परतलेले तरुण आहेत, सेवाभावी संस्था आहेत. अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रासारखी केंद्रे दीनदयाळ शोध संस्थानच चालवते. मात्र अमेरिकेचा दुसरा धडाही विसरता कामा नये. स्थानिक समिती नेमली आणि तीत गावातल्या चार वजनदार घरांचीच माणसे बसली, तर वस्तीवरच्या, वाड्यावरच्या, पाड्यावरच्या शेतकऱ्याचा अर्ज तळाशीच राहील. त्याला उत्तर एकच आहे आणि ते कायद्यात आधीपासून आहे, ते म्हणजे ग्रामसभा. १ मे रोजी, खरिपाच्या तोंडावर, गावोगावी ग्रामसभा भरते. तीत गावातील प्रत्येक प्रलंबित अर्ज नावानिशी वाचून दाखवावा आणि तो कोणत्या टेबलावर, कोणत्या कागदासाठी, किती दिवस थांबला आहे, हे संबंधित अधिकाऱ्याने उभे राहून सांगावे. एवढी एक गोष्ट पुढच्या महाराष्ट्र दिनापासून एका तालुक्यात तरी सुरू करण्यास कोणत्याही नव्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.